१०८ वर नोकरी करायचीय? मागच्या सीटवर कोण बसतं ते आधी समजून घ्या

शिरूर / दौंड : बारावीचा निकाल लागला की मोबाईलवर जाहिराती फिरू लागतात. 'काही महिन्यांचा कोर्स करा, ॲम्ब्युलन्सवर नोकरी पक्की.' घरात चर्चा होते. शेतीला भाव नाही, रांजणगावच्या कंपनीत ठेकेदाराकडे किती दिवस काढायचे, त्यापेक्षा हे बरं. काम पुण्याचं, अंगावर युनिफॉर्म, गाडीवर सायरन. उसाच्या बिलातून फी भरली जाते.

कोर्स संपतो आणि मुलगा १०८ च्या भरतीला जातो. तिथं त्याला विचारतात, बीएएमएस की बीएचएमएस? नाहीतर ड्रायव्हिंग लायसन दाखव. यातलं काहीच त्याच्याजवळ नसतं.

हा प्रसंग टळावा म्हणून ही माहिती. आपत्कालीन वैद्यकीय सेवेत काम करणं वाईट नाही, उलट गावाला त्याची मोठी गरज आहे. पण कोणत्या शिक्षणावर कोणती खुर्ची मिळते, रोजचं काम काय असतं आणि हातात काय पडतं, हे फी भरायच्या आधी कळलं पाहिजे.

१०८ ची गाडी चालते कशी

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली. सुरुवातीला राज्यभरात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ गाड्या 'ॲडव्हान्स' म्हणजे व्हेंटिलेटर, हृदयाला झटका देणारं यंत्र अशी सामग्री असलेल्या आणि ७०४ 'बेसिक' प्रकारच्या. सेवा सरकारची, रुग्णाला मोफत. पण गाड्या आणि माणसं चालवायचं काम सरकारनं कंत्राटदार कंपनीकडे दिलेलं आहे. ही गोष्ट पुढे पगाराच्या वेळी महत्त्वाची ठरते.

शिरूरच्या वस्तीवरून १०८ लावला तरी फोन उचलला जातो पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात. तिथं विचारतात, काय झालंय, किती माणसं आहेत, नेमकं कुठे आहात. मग जवळची मोकळी गाडी पाठवतात. गाडी शहरात २० मिनिटांत आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोहोचावी, असं उद्दिष्ट ठरवलेलं आहे.

आपल्याकडे पत्ता कसा सांगतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'कॅनॉलच्या कडेनं या, डीपीपासून डावीकडे, मळ्यात लाईट दिसंल.' रात्री दोन वाजता तो मळा शोधणं हाही या नोकरीचाच भाग आहे.

१०८ सोबत आणखी नंबर आहेत, त्यांची गल्लत करू नये. १०२ ही गाडी गरोदर माता आणि लहान बाळांसाठी असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे २०११ पासून, ही ने-आण मोफत आहे. ११२ हा पोलीस, अग्निशमन अशा सगळ्या आपत्कालीन मदतीचा नंबर. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा. प्रत्येक ठिकाणी भरती वेगळी, मालक वेगळा.

मागची सीट डॉक्टरची

आता मुख्य मुद्दा. आंध्र, गुजरात, गोवा अशा राज्यांत १०८ च्या गाडीत रुग्णाजवळ 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन' बसतो. तो डॉक्टर नसतो. त्याला खास प्रशिक्षण दिलेलं असतं आणि अडलं की तो फोनवर डॉक्टरचा सल्ला घेतो.

महाराष्ट्रानं वेगळा रस्ता घेतला. इथं सेवा सुरू झाली तीच गाडीत डॉक्टर बसवून. हे डॉक्टर बहुतेक बीएएमएस, बीएचएमएस किंवा बीयूएमएस झालेले असतात आणि त्यांना आपत्कालीन उपचारांचं वेगळं प्रशिक्षण दिलेलं असतं. २०१७ मध्ये मुंबईत मोटारसायकलवरची रुग्णवाहिका सुरू झाली, तेव्हा मोटारसायकल चालवणाराही डॉक्टरच होता.

म्हणजे १०८ च्या गाडीत दोन माणसं. मागे डॉक्टर आणि पुढे चालक, ज्याला तिथं 'पायलट' म्हणतात. टेक्निशियनचा कोर्स केलेल्या मुलाला या व्यवस्थेत आपोआप जागा नाही. यूट्यूबवर हैदराबादचा किंवा परदेशातला व्हिडिओ बघून 'आपल्याकडेही तसंच असेल' असं धरून चालू नये.

कंत्राट नवं झालं की अटी बदलू शकतात. म्हणून क्लासवाला काय सांगतो याला महत्त्व न देता भरतीच्या जाहिरातीत शिक्षणाची अट काय लिहिली आहे, तीच वाचावी.

बारावीनंतरचे खरे रस्ते

१) डॉक्टर होऊन. बीएएमएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. नीट परीक्षा द्यावी लागते. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवं. गाडीत मागे बसायचं तर महाराष्ट्रात आजवरचा सरळ रस्ता हाच. मात्र साडेपाच वर्षं शिकलेले बरेच जण १०८ ला पहिली नोकरी म्हणून धरतात, अनुभव घेतात आणि पुढे स्वतःचा दवाखाना टाकतात. आयुष्यभर गाडीवर राहणारे थोडे.

२) नर्सिंग करून. जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. गाडीऐवजी हॉस्पिटलच्या अपघात विभागात, आयसीयूत काम मिळतं. सरकारी भरती निघते, खासगीतही मागणी असते. मुलींसाठीच असं काही राहिलेलं नाही, मुलंही करतात. 'इमर्जन्सीचंच काम करायचंय' असं ज्याला मनापासून वाटतं, पण एमबीबीएस-बीएएमएसचे गुण नाहीत, त्याच्यासाठी हा रस्ता भक्कम आहे.

३) पॅरामेडिकल पदवी किंवा पदविका. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात ऑपरेशन थिएटर, भूल, प्रयोगशाळा, इमर्जन्सी अशा शाखा असतात. बारावी सायन्स लागते. इथं शिकलेल्याला नोकरी मुख्यतः हॉस्पिटलच्या आत मिळते.

४) चालक म्हणून. १०८, १०२, खासगी रुग्णवाहिका, हॉस्पिटलच्या गाड्या. लायसन, अनुभव आणि स्वच्छ रेकॉर्ड लागतं. अपघाताची केस अंगावर असेल तर अडचण येते. रात्रीची नजर चांगली हवी. नुसतं पळवता येऊन भागत नाही. आत सलाईन लावलेला माणूस आहे हे लक्षात ठेवून खड्डा चुकवावा लागतो. चालकाला स्ट्रेचर उचलावं लागतं, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलावा लागतो आणि प्रथमोपचार यावेच लागतात.

५) कारखान्यात. हा रस्ता आपल्याकडच्या मुलांच्या लक्षातच येत नाही. ५०० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ इथं मोठे कारखाने आहेत. कुरकुंभला तर रासायनिक कारखाने, म्हणजे भाजणं, वायू नाकातोंडात जाणं असे प्रकार. तिथं प्रथमोपचार जाणणारी माणसं, नर्स आणि रुग्णवाहिकेचे चालक लागतात. घरून जाऊन-येऊन नोकरी होते. टेक्निशियनचा कोर्स केला असेल तर तो इथं आणि खासगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत कामाला येऊ शकतो.

सहा महिन्यांच्या कोर्सची किंमत किती

२०२१ मध्ये केंद्रानं संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यात इमर्जन्सी टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे पॅरामेडिक या कामाचंही नाव आहे. या कायद्याप्रमाणे पदविकेचं शिक्षण किमान २,००० तासांचं आणि दोन ते चार वर्षांत पसरलेलं हवं. पदवीवाल्यासाठी ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. त्यावर नोंदणी.

साधा हिशोब करा. आठवड्याला सहा दिवस, रोज चार तास क्लास धरला तरी सहा महिन्यांत सहाशे-सव्वासहाशे तास होतात. दोन हजार तासांचं शिक्षण त्यात बसत नाही. म्हणून सहा महिन्यांचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे 'पॅरामेडिक झालो' असं होत नाही.

मग असे छोटे कोर्स अगदी वाया जातात का? तसंही नाही. सरकारच्या कौशल्य विकास योजनेत 'इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन - बेसिक' हा छोटा कोर्स असतो. हॉस्पिटलमध्ये मदतनीस म्हणून, खासगी रुग्णवाहिकेवर, कारखान्यात त्याचा उपयोग होतो. चालकानं केला तर त्याचं वजन वाढतं. फुकटात किंवा थोडक्या पैशात होत असेल तर करावा. कर्ज काढून, जनावर विकून करू नये.

रोजचं काम : सायरन कमी, उचलणं जास्त

सिनेमात ॲम्ब्युलन्स दिसली की अपघात दिसतो. प्रत्यक्षात १०८ च्या कॉलमध्ये सगळ्यात मोठा वाटा साध्या वैद्यकीय तक्रारींचा असतो. ताप, दम लागणं, छातीत दुखणं, शुगर कमी होणं, पोटदुखी. त्याच्या खालोखाल बाळंतपणाचे कॉल. अपघात त्यामानानं कमी.

दुसरं मोठं काम म्हणजे एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात रुग्ण नेणं. न्हावरे, शिरूर किंवा यवतच्या ग्रामीण रुग्णालयात, दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात जे होत नाही, त्यासाठी रुग्ण पुण्याला ससूनला किंवा औंधला जातो. शिरूर काय किंवा दौंड काय, पुणे सत्तर-ऐंशी किलोमीटर. नगर रस्त्यानं गेलं तर शिक्रापूर, कोरेगाव भीमा आणि वाघोलीची कोंडी. सोलापूर रस्त्यानं गेलं तर हडपसर. जाऊन, रुग्ण दाखल करून परत यायला चार-पाच तास सहज जातात. बारा तासांच्या पाळीत अशा दोन फेऱ्या झाल्या की दिवस संपला. पाळी संपायच्या अर्धा तास आधी तिसरा कॉल आला तर तोही घ्यावा लागतो.

समजा, डिसेंबरची रात्र आहे. कारखान्यांचा हंगाम जोरात. न्हावरे-चौफुला रस्त्यावर मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला मोटारसायकल धडकली. गाडी पोहोचते तेव्हा वीस-पंचवीस माणसं जमलेली असतात, निम्म्यांच्या हातात मोबाईल. आता कामाचा क्रम बघा.

आधी गाडी अशी लावायची की मागून येणारा ट्रक आपल्यावर येणार नाही. मग रक्त थांबवायचं, जखमेवर दाब धरायचा. मान हलू द्यायची नाही. श्वासाचा रस्ता मोकळा आहे का बघायचा. ऑक्सिजन लावायचा. फळीवर घेऊन उचलायचं. अंधारात, चिखलात, कधी कधी चारीतून. पुढच्या हॉस्पिटलला कळवायचं. वाटेत कागद भरायचा, नाडी किती, रक्तदाब किती, किती वाजता काय केलं. तो कागद पुढे पोलीस केसमध्येही लागू शकतो.

रुग्ण पोहोचवला की काम संपत नाही. गाडी धुवायची. रक्त निर्जंतुक द्रावणानं पुसायचं. सिलिंडरचा काटा बघायचा. संपलेलं सामान भरायचं. सकाळी सहाला ज्यांनी गाडी हातात घेतली, त्यांना ती तयारच मिळाली पाहिजे.

आणि रुग्ण वाचला का, हे बहुतेक वेळा कळतच नाही. त्याला दारात सोपवून आपण परत निघालेलो असतो. आभाराचा फोन येईल या आशेवर या कामात राहता येत नाही.

शिरूर-दौंडचं म्हणून काही

पावसाळ्यात साप. शेतात, गोठ्यात, जमिनीवर झोपलेल्या मजुराला. दंश झाल्यावर आधी मांत्रिकाकडे नेऊन वेळ घालवलेला रुग्णही गाडीत घ्यावा लागतो. तिथं ओरडून उपयोग नाही, हालचाल थांबवून लवकरात लवकर सर्पविषावरची लस असलेल्या दवाखान्यात पोहोचवणं एवढंच हातात.

शिरूरच्या घोड नदीच्या पट्ट्यात उसात बिबट्या. हल्ल्याचा कॉल आला तर जमाव चिडलेला असतो आणि बिबट्या जवळपासच असू शकतो.

शेतात औषध फवारताना झालेली विषबाधा. विहिरीत पडलेला माणूस. मळणी यंत्रात अडकलेला हात. थंडीत भट्टीवर, कोप्यात भाजलेली ऊसतोड कामगारांची लेकरं. दौंड जंक्शनला रेल्वेखालचे अपघात.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवत, वरवंडवरून जाते. गावातली सगळी माणसं वारकऱ्यांची सेवा करत असतात, तेव्हा रुग्णवाहिकेवरच्यांची ड्युटी असते. दिवाळीला, यात्रेला, ३१ डिसेंबरला हेच. 'सणाला घरी' ही अपेक्षा नोकरी धरतानाच सोडावी लागते. घरच्यांनीही.

पगार आणि कंत्राट

'सरकारी गाडी' म्हणून 'सरकारी नोकरी' असा अर्थ होत नाही. गाडीवर शासनाचं नाव असतं, नेमणूकपत्रावर कंपनीचं. कायम नोकरी नाही, सरकारी निवृत्तीवेतन नाही, कंत्राट बदललं की मालक बदलतो. जुन्या माणसांना नवा मालक घेईलच असं लिहून कुणी देत नाही. लग्नाच्या बाजारात 'पोरगा सरकारी ॲम्ब्युलन्सवर आहे' असं सांगण्याआधी हे घरच्यांनी समजून घ्यावं.

नेमणूकपत्र हातात आल्यावर पुढच्या गोष्टी बघाव्यात :

- सांगितलेला पगार कपातीआधीचा की हातात पडणारा? पीएफची कपात १२ टक्के. मूळ पगार १५,००० असेल तर १,८०० रुपये कापले जातात आणि मालकालाही तेवढेच भरावे लागतात.
- पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो. त्यात कामगाराचे ०.७५ टक्के कापतात, म्हणजे २०,००० वर १५० रुपये. त्यावर घरच्यांनाही उपचार मिळतात.
- मालकाचा पीएफचा हिस्साही तुमच्याच पगारातून दाखवला आहे का? 'सीटीसी' या शब्दाखाली तो लपलेला असतो.
- पाळी किती तासांची, आठवड्याची सुट्टी कोणती, जादा तासांचे काय?
- अपघात विमा आहे का, किती रकमेचा?
- गाडी ठोकली तर भरपाई कोणाकडून?

नोकरी लागल्यावर यूएएन नंबर घ्यावा आणि उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावं. पगारातून कापलं म्हणजे खात्यात भरलं असं धरू नये.

नोकरीसाठी कुणी 'डिपॉझिट' मागितलं तर तिथूनच परत फिरावं.

अंग आणि मन

या कामात पहिल्यांदा जाते ती कंबर. ऐंशी किलोचा माणूस दुसऱ्या मजल्यावरून, बोळातून खाली आणायचा असतो. गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून, दोघांनी एका दमात उचलायचं हे शिकून घ्यावं लागतं. तरणेपणी जोरावर उचलणारा चाळिशीत पट्टा बांधून फिरतो.

सुई टोचणं, रक्त डोळ्यात उडणं हा रोजचा धोका. हेपॅटायटिस-बी लसीचे तीन डोस असतात, सुरुवातीला, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. ते कामावर जायच्या आधीच सुरू करावेत. सुई टोचली तर लाज न बाळगता लगेच सांगावं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी.

जमावाचा त्रास होतो. 'उशीर का केला', 'आमच्याच दवाखान्यात न्या' यावरून अंगावर येणारे असतात. २०१० च्या राज्याच्या कायद्यानं डॉक्टर, नर्स, पॅरामेडिकल कर्मचारी यांच्यावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण रात्री बारा वाजता त्या चौकात कायद्याचं पुस्तक उघडता येत नाही. शांत आवाजात बोलणं, एका जाणत्या माणसाला हाताशी धरून गर्दी बाजूला करायला लावणं, हे जमलं पाहिजे.

आणि मनाचं. लहान मुलाचा अपघात, ओळखीचाच माणूस फळीवर, तालुक्यातल्या नोकरीत हे होणारच. झोप उडते, जेवण जात नाही, चिडचिड होते. त्यावर दारू हा इलाज नाही. १४४१६ हा 'टेली मानस'चा मोफत नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. बोलून घेणारा माणूस कच्चा नसतो.

फी भरण्यापूर्वी पाच प्रश्न

१) संस्थेला मान्यता कोणाची? आरोग्य विज्ञान विद्यापीठ, तंत्रशिक्षण किंवा कौशल्य विकास मंडळ, यातलं नेमकं कोण? त्या मंडळाच्या वेबसाईटवर संस्थेचं नाव स्वतः शोधा.

२) प्रत्यक्ष काम कोणत्या हॉस्पिटलात शिकवणार? बाहुलीवर शिकणं वेगळं आणि कॅज्युअल्टीत उभं राहणं वेगळं.

३) मागच्या बॅचचे विद्यार्थी कुठे आहेत? दोघा-तिघांचे नंबर मागा आणि त्यांच्याशी बोला. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

४) 'नोकरीची हमी' कागदावर लिहून देतात का? कोणत्या पदाची, कोणत्या मालकाकडे, किती पगाराची?

५) मध्येच सोडलं तर फी परत मिळते का? मूळ कागदपत्रं ठेवून घेतात का? मूळ दाखला कुणाकडे ठेवायला देऊ नका.

'कोर्स करा, दुबईला पाठवतो' असं सांगणारेही आहेत. परदेशात भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी 'ई-मायग्रेट' वेबसाईटवर बघता येते. लाखांत आकडा सांगणाऱ्यापासून लांब राहावं.

आधी स्वतःला तपासा

मोठी फी भरायच्या आधी कमी खर्चात स्वतःची परीक्षा घेता येते. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. पालखीत, गणपतीत वैद्यकीय पथकाबरोबर स्वयंसेवक म्हणून उभे राहा. हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय म्हणून दोन महिने काम करून बघा. रक्त, उलटी, रडारड, रात्रीची जाग यात आपण टिकतो का, हे तिथं कळतं. पोरगं घाबरलं तर त्यात कमीपणा काहीच नाही, फी मात्र वाचली.

छाती दाबून हृदय चालू ठेवायचं तंत्र, सीपीआर, तर नोकरी करायची नसली तरी गावात दहा जणांना यावं. मोठ्या माणसाच्या छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. शिकायला एक दिवस लागतो. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीतीही आता धरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली केलेल्या दुरुस्तीनं अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही.

ज्याला ठरलेली वेळ, रविवारची सुट्टी आणि निवृत्तीवेतन हवं त्यानं ही वाट धरू नये, पुढे घरात भांडणं होतात. ज्याला माणसाच्या वेळेला धावून जाण्याची मनापासून आवड आहे, अंगात ताकद आणि डोक्यात बर्फ आहे, त्यानं जरूर यावं. पण योग्य दारानं यावं. गुण चांगले असतील तर बीएएमएस किंवा नर्सिंग, हात स्टिअरिंगवर पक्का असेल तर चालक, घर सोडायचं नसेल तर कारखान्याची ॲम्ब्युलन्स रूम.

यातल्या कोणत्याही दारासाठी जनावर विकून सहा महिन्यांचा कागद घ्यायची गरज नाही. जाहिरात बघून फोन लावण्याआधी एक करावं. आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात जावं, तिथं १०८ ची गाडी उभी असेल तर कामात नसताना डॉक्टरला आणि चालकाला दोन मिनिटं विचारावं, 'साहेब, तुम्ही काय शिकून इथवर आलात?' जे उत्तर मिळेल, त्यावरूनच फी कुठे भरायची ते ठरवावं.